पान एकतीस

"मान जरा वर घे," कप्तान म्हणाला, आणि चाकांच्या खुर्चीतल्या सुतारानं हनुवटी वर केली. तेवढी हालचाल त्याची त्याला जमत होती.

दर रविवारी सकाळी कप्तान आपलं सलून उशिरा उघडायचा आणि आधी इथं येऊन सुताराची दाढी करायचा. सव्वीस वर्षांत त्यानं फक्त तीन रविवार चुकवले होते, तेही स्वतः तापानं फणफणला होता म्हणून. सख्खा भाऊसुद्धा एवढं करणार नाही, असं गल्लीतले लोक म्हणायचे. ते कानावर पडलं की कप्तान काहीतरी काम काढून तिथून सटकायचा.

आज त्यानं सोबत टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा आणला होता. उपनगरातल्या त्यांच्या रग्बी क्लबला पन्नास वर्षं होत होती. क्लबचा इतिहास लिहायचं काम कमिटीनं जुना कप्तान म्हणून त्याच्या गळ्यात मारलं होतं. ज्याच्याविषयी लिहिलंय, त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं, असंही वर बजावलं होतं.

"तुमचे हात साबणात आहेत, भाऊजी. मी वाचते," सुताराची बायको म्हणाली. शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारून तिनं चष्मा चढवला.

सुरुवात मजेची होती. पहिल्या वर्षी पंधरा गडी जमेनात, म्हणून बेकरीवाल्याला आणि त्याच्या मेहुण्याला मैदानात उभं केलं होतं. मेहुणा चेंडू मिळाला की घाबरून समोरच्यालाच देऊन टाकायचा. जर्सी घरीच पातेल्यात रंगवल्या होत्या. पाऊस आला, रंग उतरला आणि अर्ध्या तासात दोन्ही संघ जांभळे झाले. कोण कोणाचा, हे रेफ्रीला कळेना.

सुतार खदखदून हसला. कप्तानानं वस्तरा लांब धरला.

"मी केलेले गोलपोस्ट विसरलास की काय?"

"विसरतोय कसला! तेविसाव्या पानावर आहेत. अजून तेच उभे आहेत, गड्या. एकाला वाळवी नाही."

ती वाचत वाचत पान एकतीसवर आली.

"'चोविसावं वर्ष, अंतिम सामना. आमच्या पुढच्या फळीचा आधार म्हणजे सुतार. मानेचं दुखणं त्यानं कोणालाही कळू दिलं नाही. हा शूर गडी तसाच मैदानात उतरला. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना रेटत असताना फळी कोसळली आणि तो खाली सापडला. क्लब त्याला कधीही विसरणार नाही.'"

तिनं पान खाली ठेवलं.

"कोणालाही कळू दिलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "शूर म्हणे! एक शब्द बोलला असतात तर आज पायांवर उभे असतात. तोंड नव्हतं तुम्हाला?"

हे ती आज पहिल्यांदा म्हणत नव्हती. इतक्या वर्षांत त्या वाक्याची धार गेली होती, सवय तेवढी राहिली होती.

"बरं," सुतार म्हणाला आणि डोळे मिटून त्यानं मान पुढे केली.

कप्तानाचा वस्तरा उचललाच जाईना. समोर फेसातून सुताराची नस उडताना दिसत होती. त्यानं वस्तरा मिटून टेबलावर ठेवला.

"वहिनी, तो बोलला होता."

"कोणाला?"

"मला. कपडे बदलताना. मान धरलीय, डावा हात बधिर झालाय, आज नको म्हणाला. मीच म्हटलं, तुझ्यावाचून फळी उभी राहणार नाही, आजचा दिवस काढ. त्यानं बूट काढून ठेवले होते, वहिनी. ते मी परत त्याच्या पायांत घातले. नाड्यासुद्धा मी बांधल्या."

"हॉस्पिटलात मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "जिन्यापाशी. तुम्ही म्हणालात, आम्हाला बोललाच नाही तो."

"हो. तसंच म्हणालो."

बाहेर कोणीतरी बादलीत नळ सोडला होता. तिनं खुर्ची फिरवून नवऱ्याला आपल्यासमोर घेतलं. त्याच्या गालांवर उरलेला फेस वाळत आला होता.

"आणि तुम्ही? मी रोज बोल लावायचे. तुम्ही ऐकून घेतलंत?"

"तुला कोणावर तरी रागवायचं होतंच," सुतार म्हणाला. "आणि याला घालवला असता, तर माझ्याकडे आलं कोण असतं? पहिल्या वर्षी सगळा क्लब यायचा. दुसऱ्या वर्षी हा एकटा."

पदरानं तिनं नवऱ्याच्या गालावरचा फेस पुसून काढला, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. दाढी अर्धीच झाली होती. ती तशीच राहिली.

कप्तानानं सामान पेटीत भरलं. एकतीस नंबरचं पान त्यानं गठ्ठ्यातून काढलं, चार घड्या घालून खिशात कोंबलं. दारापाशी जाऊन तो घुटमळला.

"हे पान मी नव्यानं लिहीन. जसं झालं तसं. कमिटीनं नाही छापलं तरी लिहीन," तो म्हणाला. मग त्यानं सुताराकडे बघत अगदी हळू विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का रे?"

सुतारानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी ती बोलली.

"ह्यांना विचारू नका," ती म्हणाली. "हे हो म्हणतील."