मुठीवरची ग्रिप

पहिला सेट सहा-एक असा गेला. दोनदा तर सर्व्हिस करताना ऋजुताच्या हातात रॅकेट फिरली. बाकावर बसताच जोडीदार शलाकाने मुठीवर गुंडाळायची नवी ग्रिप पुढे केली. "बदल गं आता. पार बुळबुळीत झालीये."

ऋजुता हरली की डावखुरे बाबा समजूत काढत बसायचे नाहीत. कोर्टाच्या पायरीवर बसून रॅकेटची ग्रिप उलगडायचे, कचरापेटीत टाकायचे, "ही मॅच हिच्याबरोबर गेली" म्हणायचे आणि नवी गुंडाळून द्यायचे. बाबांना जाऊन आठ महिने झाले. ही त्यांनी गुंडाळलेली शेवटची. त्यानंतर ती पाच वेळा हरली, पण ग्रिप काढायचा धीर तिला झाला नव्हता.

आज तिने ती सोलून काढली. क्षणभर मुठीत घट्ट धरली आणि कचरापेटीत टाकली. मग मान खाली घालून नवी गुंडाळू लागली.

"अगं, उलट्या बाजूने गुंडाळतेयस," शलाका म्हणाली. "डावखुरी माणसं गुंडाळतात तशी."

ऋजुता आपल्या हातांकडे बघत राहिली. पंचांनी वेळ पुकारली.

"असू दे," ती उठत म्हणाली. "आमच्याकडे अशीच गुंडाळतात."