अबोलीचं बी

कुरुंदवाडहून आणलेली अबोली तानूबाईंनी न्हाणीमागं लावली होती. पाणी बुंध्यालाच घालायचं, वाळलेल्या तुऱ्यांना थेंब लागू द्यायचा नाही, असा सुनेला, संघप्रियाला, रोजचा दम असायचा. "भिजली की तट्‌दिशी फुटत्यात बोंडं, बी जातंय उधळून! आणि माझ्या माघारी झाड हलवू नगंस."

बी काढायचं असलं की त्या मिश्रीनं काळं झालेलं बोट जिभेवर ओलं करायच्या आणि एकेका बोंडाला टेकवायच्या. तट्.

उन्हाळ्यात त्या गेल्या. दिवाळीनंतर प्रसेनजीतनं न्हाणी वाढवायला काढली आणि आईची अबोली उपटून टाकली. संघप्रियानं वाळलेले तुरे तेवढे खुडून स्टीलच्या डब्यात घातले आणि झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दुपारी ती तांदूळ निवडत असताना फळीवरून आवाज आला. तट्. जरा वेळानं पुन्हा.

"उंदीर असंल की," टीव्हीवरच्या मॅचवरची नजर न काढता प्रसेनजीत म्हणाला.

तिनं डबा खाली घेतला. झाकण उघडताच मिश्रीचा भपकारा आला. बोंडं उकलली होती, आणि प्रत्येकावर एक ओला, काळा ठिपका होता.

तळाशी एकच मिटलेलं बोंड उरलं होतं. तिनं ते तळहातावर घेतलं.

"आत्ती," ती पुटपुटली, "हे लावते की कुंडीत."

बोंड तसंच कोरडं राहिलं. ओलं बोट टेकलं ते तिच्या कपाळावर.