तीनने भाग जातो

"पेसमेकर बाहेरून कुणी बंद करूच शकत नाही, मॅडम," कंपनीचे अधिकारी खोत म्हणाले. "त्याला तीनशे अंकी संख्येचं कुलूप असतं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडायला हजार वर्षं लागतील. तुमचे मिस्टर नैसर्गिकच गेले."

कालिंदी गव्हाणकर पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांनी नवऱ्याचं पेसमेकरचं कार्ड टेबलावर आपटलं; त्यावर कुलपाची ती तीनशे अंकी संख्या छापलेली होती.

"सुतकाच्या दहा दिवसांत मी घरात बसून या अंकांची बेरीज केली. ती आली तेराशे चव्वेचाळीस. तिला तीनने भाग जातो, म्हणजे अख्ख्या संख्येला जातो. तुमच्या दोन प्रचंड मूळ संख्यांपैकी एक नुसती तीन आहे. तुमचं कुलूप माझी सहावीतली पोरं मधल्या सुट्टीत फोडतील."

"तपासणी यंत्राने केलीय."

"आणि तुम्ही? एकाने तरी साधी बेरीज केली?"

कालिंदीबाई दार ढकलून बाहेर गेल्या. बाकांवर पेसमेकर तपासून घ्यायला आलेले वीसेक पेशंट बसले होते, प्रत्येकाच्या गळ्यात तसंच कार्ड.

"कार्डं हातात घ्या," वर्गातला आवाज काढून त्या म्हणाल्या, "आणि अंकांची बेरीज करा."

त्यांना अडवायला धावत आलेले खोत दारातच थांबले. मग त्यांनीही शर्टाच्या आतून स्वतःचं कार्ड बाहेर काढलं.