बिनवाजंत्रीचं लग्न

केरबा अवघडे वरात पोचवून थेट तलाठी कार्यालयात आला, तो बँडाच्या लाल कोटातच. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर बिल्ले. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट होणार होतं. अडलं होतं ते फक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर.

तलाठी मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सैन्यात होतात? मग पेन्शनचे कागद आणा."

"न्हाई जी. लग्नात ट्रंपेट वाजवतो. आता डॉक्टरांनी फुंकायचं बंद केलंय, म्हणून वरातीत नुसता खुळखुळा हलवतो."

"वर्षाला किती मिळतात?"

"लोकांची लग्नं जुळतील तसं."

मॅडमनी हसू दाबलं. "तुम्हाला ओळखणारे दोन पंच आणा."

रांगेतली एक म्हातारी पुढे सरकली. "माझ्या तिन्ही लेकी यानंच वाजवत सासरी धाडल्या. लिहा माझं नाव."

तिच्या मागचा माणूस म्हणाला, "माझ्या लग्नात यानं चौकात असा सूर धरला, की नाचणारे हलेचनात. मुहूर्त टळला. पण माणूस गरीब आहे, हे खरं."

दोन सह्या झाल्या, शिक्का बसला. दाखला खिशात ठेवताना केरबानं आपुलकीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या लग्नात कुठला बँड होता?"

"आमचं कोर्टात झालं. बँड नव्हताच."

"साधी सनईबी न्हाई?"

"नाही."

केरबा हळहळला. दारापर्यंत गेलेला तो परत फिरला आणि टेबलाशी वाकून हळूच म्हणाला, "एवढं ऑपरेशन होऊ द्या बाई. तुमचं राहिलेलं मी येऊन वाजवीन. पैशाचं बोलू नका, तुम्हाला आमच्या योजनेत बसवतो."