ग्वेंडाची बेगमी

टास्मानियात ईस्टर झाला, थंडी जवळ आली की ग्वेंडाच्या अंगात यायचं. बरण्यांतून सफरचंदाच्या फोडी, टोमॅटोची चटणी, नासपतीचा मुरंबा. फ्रीझरमध्ये वॉलबी या छोट्या कांगारूचा खिमा, मेंढीच्या तंगड्या, भोपळ्याचं सूप. यंदा तर फ्रीझरचं झाकण लागेना, तेव्हा तिचा नवरा केल्विन त्यावर चढून बसला.

कुंपणापलीकडच्या नोलाच्या फडताळात मात्र पाव आणि बीन्सचे चार डबे.

"हिवाळा तोंडावर आलाय, नोला," ग्वेंडा सुनवायची. "तुझं आपलं तहान लागल्यावर विहीर खणणं. अगं, मुंगीकडून तरी शीक!"

नोला नुसती हसायची. एकटीच्या पेन्शनीत हीटर चालवावा की मुंगी व्हावं, हे तिला कधी उमगलंच नव्हतं.

जून उजाडला. टास्मानियाच्या डोंगरांवर पहिलं बर्फ दिसलं आणि ग्वेंडा घराची किल्ली घेऊन नोलाच्या दारात उभी राहिली. मागे केल्विन गाडीला कॅराव्हॅन जोडत होता.

"आम्ही निघालो क्वीन्सलंडला, उन्हात. सप्टेंबरला येऊ. इथली थंडी कोण सोसणार, बाई! इथे वीज सारखी जाते, तेवढा आमचा फ्रीझर रोज बघत जा हं."

नोलानं किल्ली घेतली.

ऑगस्टमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून ग्वेंडाचा फोन आला. "फ्रीझर बघतेस ना गं?"

नोलानं मेंढीच्या तंगडीचं हाड ताटलीत ठेवलं आणि बोटं पुसली.

"अगदी रोज बघते. आज तर तळसुद्धा दिसला."