वरच्या ओळीतली काडतुसं

हे १९६१ सालातलं. माँटानातल्या त्या खोऱ्यात बर्फ वितळून नदी गढूळ फुगली होती, आणि ओरिन लिंडक्विस्टच्या हातातला कप बशीवर वाजत होता.

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, आल्मानं, अंथरुणातूनच विचारलं. त्यांचा एकुलता एक मुलगा रॉल्फ नदीत बुडून गेला, त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आदल्या दिवसापासूनचा हा तिचा पहिला शब्द.

"काही नाही. हाताला कंप सुटलाय. वय झालं."

"आणि काडतुसं?"

"भरलीत की. डबा टेबलावर ठेवलाय. शनिवारच्या नेमबाजीपर्यंत हात नाही लावायचा मी त्याला." त्यानं टोपी चढवली. "शेजारी डेल्मरकडे जातो, कुंपणाची तार ओढायला. दूध काढायच्या वेळेला येईन."

तो गेला आणि आल्माला पडवेना.

ओरिनसारखी काडतुसं खोऱ्यात कुणी भरत नसे. गॅरेजमधून गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणायचा, शेडमधल्या भांड्यात वितळवायचा. मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की काळी मळी वर यायची आणि खाली शिसं आरशासारखं चमकायचं. साचा उघडला की गोळी जाड टॉवेलवर टपकन पडायची. सुरकुती दिसली तर परत भांड्यात. लग्न झालं तेव्हा आल्मा तासन् तास ते बघत बसे. बंदुकीची दारू तोलताना मात्र तो तिला बोलू द्यायचा नाही. शिशाच्या गोळीला दारू कमी लागते. काडतुसाच्या पुंगळीत दुप्पट पडली तरी मावते आणि बाहेरून कळत नाही. कळतं ते बंदूक तोंडावर फुटल्यावर.

ती उठली. डबा उघडला. वरच्या ओळीतल्या एका काडतुसाची गोळी तिरकी बसली होती. इतकी तिरकी, की ओरिनच्या हातची वाटेना. तिनं शेडमधून गोळी उपसायचा पोकळ हातोडा आणला, काडतूस त्यात अडकवलं आणि गोळी सुटेपर्यंत ओट्यावर आपटला. आतली दारू तोलकाट्यावर टाकली. दुप्पट होती.

आल्मानं सगळा डबा रिकामा केला, एकेक पुंगळी नव्यानं तोलून भरली आणि होता तसा ठेवून दिला.

त्याला सांगायचं कसं? मुलगा गेला होता. आता हातातली कलाही गेली म्हटल्यावर माणूस उभा राहिला असता का?

त्यानंतर हे दर आठवड्याचंच झालं. तो डबा टेबलावर ठेवायचा, कुठे चाललोय आणि कधी येईन ते सांगायचा, नि जायचा. ती कामाला लागायची. चुकलेली काडतुसं नेमकी वरच्या ओळीतच सापडायची. देवाची दया, असं ती समजायची. तरी एकही न चुकवता सगळी तपासायची. एक राहिलं तर दुसरा माणूसही गेला, हे तिच्या डोक्यातून जात नसे.

"माझा काटा कुणी हलवला?" एकदा ओरिननं विचारलं.

"मांजर असेल."

"फार हुशार मांजर आहे. शून्यावर आणून ठेवलाय."

"तुझ्यापेक्षा हुशारच आहे ते."

एका शुक्रवारी आल्माची बहीण न सांगता येऊन राहिली. दिवसभर शेडकडे फिरकायला मिळालं नाही. शनिवारी सकाळी ती ट्रकमध्ये ओरिनशेजारी बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मैदानावर पोचल्यावर ओरिननं खिसे चाचपले.

"डबा घरीच राहिला बघ. विसरभोळा झालोय मी. डेल्मर, थोडी उसनी दे रे."

आल्मानं डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

बाकी शनिवारी मात्र ओरिन वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवायचा, आणि आल्मानं भरलेल्या गोळ्या एकाच भोकातून जाव्यात तशा जायच्या.

"शिशात काय कालवतोस रे, जादूटोणा?" डेल्मर हॉगे ओरडायचा.

"नुसतं मेण."

"मग माझ्याच गोळ्या शेजारच्याच्या फळीला का लागतात?"

"डोळे उघडून बघ ना एकदा!"

एकदा आल्मा हसली. मोठ्यानं. लोकांनी वळून पाहिलं. ओरिननं मात्र पाहिलं नाही. तो बंदूक पुसत राहिला, बराच वेळ.

पुढच्या हिवाळ्यात ती साचाही स्वतः धरू लागली. "तुझे हात भाजतील," एवढंच ती म्हणाली, आणि ओरिननं वाद न घालता खुर्ची सोडली. ती पुन्हा पाव भाजू लागली, चर्चमध्ये गाऊ लागली. रॉल्फचं नाव तिच्या तोंडी येऊ लागलं, न रडता.

१९६४च्या उन्हाळ्याच्या शेवटी लाकडं फोडताना ओरिनचं हृदय थांबलं. आल्मा त्यानंतर वीस वर्षं जगली. अर्धं खोरं तिच्याच हातची काडतुसं घेऊन शिकारीला जायचं. शेड तिनं शेवटपर्यंत कुणाला विकलं नाही. डेल्मर गाई काढून टाकून मुलीकडे स्पोकेनला गेला, आणि तिथेच वारला.

पण ओरिनला पुरलं त्या दिवशी डेल्मर होता. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. आल्मानं पहिल्यांदाच कुणाजवळ तरी मन मोकळं केलं. इतकी वर्षं ती चोरून काय करत होती ते सांगितलं, त्याच्या थरथरणाऱ्या हातांबद्दल सांगितलं, आणि म्हणाली, "कळलं असतं तर खचला असता बिचारा."

डेल्मरनं हातातला काटा-चमचा ताटात ठेवला.

"थरथरणारे हात? ओरिनचे?" तो म्हणाला. "आल्मा, गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यात तारेचं कुसळ घुसलं होतं. त्यानंच काढलं ना ते. सुईच्या टोकानं."