मिनिटभरात उत्तर

ऑफिसने जुनं मेल अ‍ॅप बंद करून नवं बसवलं आणि साहेबांच्या डोक्याला ताप झाला.

"आईच्या मेलला आपोआप उत्तर जायची सोय होती, ती नव्यात आलीच नाही," ते आयटीवाल्यावर करवादले. "आता फोनवर फोन. 'बाळा, रागावलायस का?' शेवटी मी उचलायचंच सोडून दिलं."

"उत्तरात काय लिहू?"

"जुनंच. 'हो आई, तसंच कर. मी आहेच.' तेवढ्यावर खूश असते ती. माझा लेक मिनिटभरात उत्तर देतो म्हणून शेजारणींना सांगत सुटते."

आयटीवाल्याला हसू आवरेना. "न वाचलेले बरेच साचलेत. त्यांनाही हेच पाठवू?"

"पाठवून टाका. एकदाची कटकट मिटू दे."

त्याने बटण दाबलं. साहेब निवांत चहा घेऊन आले आणि सहज म्हणून आईचा सगळ्यांत वरचा मेल उघडला.

'बाळा, फोन उचल रे. बाबा कालपासून श्वासाच्या मशीनवर आहेत. डॉक्टर म्हणतात, आता आशा नाही, मशीन काढूया. माझा धीर होत नाही. पण तू हो म्हणालास, तर सही करते.'

साहेबांनी फोन उचलला. नंबर लावेपर्यंत समोर आईचा नवा मेल येऊन पडला.



'बरं, बाळा. केली सही.'